एक नोंद, अनेक कामं: सामाजिक संस्थेला सॉफ्टवेअरची मदत नेमकी कुठे होते

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखाद्या छोट्या सामाजिक संस्थेच्या कार्यालयात मे महिन्याच्या उत्तरार्धात गेलात, तर बहुतेक वेळा टेबलावर पावती पुस्तकांची चळत दिसते. आदल्या आर्थिक वर्षात कोणी किती देणगी दिली, याचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायचं असतं. त्यालाच फॉर्म १०बीडी म्हणतात. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून हा नियम आला. तेव्हापासून देणगीदाराला ८०जी या कलमाखालची आयकर सवलत मिळायची तर संस्थेने हे विवरण भरून त्याला १०बीई हे प्रमाणपत्र द्यावंच लागतं. मग बँकेचं स्टेटमेंट छापलं जातं, व्हॉट्सॲपवर आलेले स्क्रीनशॉट शोधले जातात. ‘हे दीड हजारवाले कोण?’ या प्रश्नावर खजिनदार, कार्यालय सांभाळणाऱ्या ताई आणि सीएंकडचा मुलगा असे तिघंही अडकून पडतात.

हे काम मुळात अवघड नाही. एकच माहिती वर्षभर चार ठिकाणी चार पद्धतींनी लिहिली गेली, म्हणून ते अवघड होऊन बसतं. पावती पुस्तकात नाव असतं, बँकेत रक्कम असते, पॅन नंबर कुणाच्या तरी मोबाइलवर असतो आणि देणगी कशासाठी दिली ते फक्त अध्यक्षांना आठवत असतं. व्यवस्थापन सॉफ्टवेअरचं मुख्य काम इथे सुरू होतं. एखादी गोष्ट घडली की तिथल्या तिथे, एकदाच आणि पूर्ण नोंदवायची. पुढे पावती, हिशेब, अहवाल आणि विवरण या सगळ्यांनी त्याच नोंदीतून माहिती घ्यायची. बाकीच्या सोयी यानंतरच्या.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक संस्था डोळ्यासमोर आणू. नोंदणी आपल्याकडे बऱ्याच संस्थांची असते तशी दुहेरी, म्हणजे १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली. कार्यालय वागळे इस्टेटमध्ये दोन खोल्यांचं. कळव्यात आणि तुर्भ्याला मुलांच्या अभ्यासिका, शहापूर तालुक्यातल्या काही पाड्यांवर कुपोषणाचं काम. पैसे तीन वाटांनी येतात. ओळखीतले देणगीदार, महापे-ऐरोली पट्ट्यातल्या एका कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी आणि थोडं परदेशी अनुदान. पगारावर मोजकी माणसं, बाकी स्वयंसेवक.

प्रत्येक रुपयाला काम ठरलेलं

दुकानाच्या हिशेबात शेवटी एक प्रश्न महत्त्वाचा असतो, तो म्हणजे नफा किती झाला. संस्थेच्या हिशेबात प्रत्येक रुपयाला तीन प्रश्न चिकटलेले असतात. कोणी दिला, कशासाठी दिला आणि त्याच कामावर खर्च झाला का? यालाच फंड अकाउंटिंग म्हणतात. पूर्वी पगार हातात आला की आई किराण्याचे, दुधाचे आणि फीचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवायची, तसंच हे. फरक इतकाच, की इथे डबे हिशेबात असतात आणि प्रत्यक्ष पैसे बऱ्याचदा एकाच बँक खात्यात पडलेले असतात. बँकेत सहा लाख दिसतात म्हणून विश्वस्तांना हायसं वाटतं. पण त्यातले साडेचार लाख सीएसआर प्रकल्पाचे आणि एक लाख कॉर्पसचे, म्हणजे कायम ठेवीचे असतील, तर वीजबिल आणि कार्यालयाच्या भाड्यासाठी उरतात पन्नास हजार. पासबुक पाहून हे कळत नाही.

एक साधा खर्च घेऊ. वागळेहून टेम्पो निघाला, वाटेत कळव्याच्या अभ्यासिकेत पुस्तकं उतरवली आणि पोषण आहाराची पाकिटं घेऊन शहापूरला गेला. भाडं झालं १,८०० रुपये. वहीत ‘टेम्पो भाडं १,८००’ अशी एक ओळ पडते आणि व्हाउचर फाइलला लागतं. तीन महिन्यांनी कंपनीचे सीएसआर अधिकारी तिमाही अहवाल मागतात, तेव्हा यातले किती रुपये त्यांच्या प्रकल्पाचे, हे ठरवायला कुणालातरी पुन्हा ते व्हाउचर काढून आठवावं लागतं.

सॉफ्टवेअरमध्ये हाच खर्च नोंदवताना रकमेबरोबर आणखी तीन गोष्टी विचारल्या जातात: हेड (खर्चाचा प्रकार) कोणतं, प्रकल्प कोणता, पैसे कोणत्या निधीतले. १,२०० रुपये पोषण प्रकल्पावर, सीएसआर निधीतून. ६०० रुपये अभ्यासिकेवर, साध्या देणग्यांतून. एवढं भरायला अर्धा मिनिट जास्त लागतो. पण मग कंपनीचा अहवाल त्यातून निघतो, लेजर, म्हणजे खातेवही, त्यातूनच तयार होतं आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयासाठीचा हिशेबही तिथूनच येतो.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण बाहेरून आलेली बरीच सॉफ्टवेअर इथे अडतात. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा ताळेबंद अनुसूची आठ या ठरावीक नमुन्यात आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक अनुसूची नऊमध्ये द्यावं लागतं. त्यात संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण आणि इतर धर्मादाय कामं असा वेगळा दाखवायचा असतो. कंपन्यांसाठी बनवलेल्या पॅकेजमध्ये हे गट नसतात. म्हणून आपल्या टेम्पोचे ६०० रुपये ‘शैक्षणिक’मध्ये आणि १,२०० ‘वैद्यकीय मदत’मध्ये जातील, अशी जोडणी सुरुवातीला एकदा सीएंना सोबत बसवून करून घ्यावी लागते. ती केली, तर मार्चनंतरचे कित्येक दिवस वाचतात. नाही केली, तर महागडं सॉफ्टवेअर असूनही शेवटी एक्सेलची शीट हाताने भरावी लागते.

ज्यांच्याकडे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे त्यांनी लगेच नवीन काही घेण्याची घाई करू नये. टॅलीमध्ये कॉस्ट सेंटर आणि कॉस्ट कॅटेगरी या सोयी आहेत. प्रकल्पाला एक कॅटेगरी आणि निधीला दुसरी दिली, तर वर सांगितलेली बरीचशी विभागणी तिथेच होते. कितीतरी कार्यालयांत ही सोय कधी चालूच केलेली नसते.

निधी वेगळे दिसू लागले की काही नियम आपोआप सांभाळले जातात. करमाफी हवी असलेल्या विश्वस्तव्यवस्थेने वर्षाच्या उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग आपल्या उद्दिष्टांवर खर्च करायचा असतो. खर्च त्याहून कमी झाला आणि कमी पडलेली रक्कम पुढे न्यायची, तर त्यासाठी वेगळे फॉर्म मुदतीत भरावे लागतात. हा आकडा जानेवारीत दिसला तर मार्चपर्यंत नियोजन करता येतं. जुलैत सीएंनी सांगितला तर फक्त कारणं देता येतात. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर सर्वसाधारणपणे तो खर्च या ८५ टक्क्यांत धरला जात नाही. व्हाउचर भरतानाच सॉफ्टवेअरने हटकलं, तर कार्यालयातल्या ताईंना कायदा पाठ असण्याची गरज उरत नाही.

परदेशी अनुदानाची शिस्त आणखी कडक आहे. २०२०च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारावे लागतात. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. ते पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. हिशेब वेगळा ठेवायचा आणि एफसी-४ हे विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं. आपल्या कल्पनेतल्या संस्थेत कार्यालयीन सहायकाचा पगार निम्मा परदेशी निधीतून जात असेल, तर तो २० टक्क्यांच्या मोजणीत दर महिन्याला दिसायला हवा. वर्षाच्या शेवटी मर्यादा ओलांडल्याचं कळून उपयोग नसतो.

देणगी आली, पण कोणाची?

क्यूआर कोडमुळे देणगी देणं फार सोपं झालं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण यूपीआयने पैसे आले की बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो तो देणाऱ्याचा यूपीआय आयडी, अर्धवट नाव आणि एक लांबलचक संदर्भ क्रमांक. १०बीडीमध्ये मात्र देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक, देणगीचा प्रकार आणि पैसे कोणत्या मार्गाने आले हे सगळं भरायचं असतं. मेमधली धावपळ या दोन यादींमधल्या अंतरामुळे होते.

उपाय आहे क्रम उलटा करण्याचा. देणगीदाराने आधी छोटा फॉर्म भरायचा, मग तिथूनच पैसे द्यायचे. फॉर्ममधली माहिती आणि बँकेत आलेली रक्कम पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेमार्फत एकाच नोंदीत जुळतात. पावतीला क्रमांक आपोआप पडतो आणि ती ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर जाते. १०बीडीची माहिती आयकर पोर्टलवर सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलच्या ठरावीक साच्यात चढवता येते. चांगल्या सॉफ्टवेअरमधून त्या साच्यातली फाइल थेट निघते. पंधरा दिवसांचं काम एका दुपारीत बसतं, आणि राहिलेला वेळ चुकलेले पॅन दुरुस्त करायला वापरता येतो.

उशीर स्वस्त नाही. १९६१च्या आयकर कायद्यानुसार हे विवरण उशिरा भरल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क आहे, आणि भरलंच नाही तर १०,००० ते एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६पासूनचा नवा कायदा आहे आणि त्यात कलमांची मांडणी बदलली आहे. म्हणून सॉफ्टवेअर घेताना ‘कायदा बदलला की साचे कोण बदलून देणार, आणि त्याचे वेगळे पैसे लागणार का?’ हा प्रश्न लेखी विचारून ठेवावा.

निनावी देणगीचाही एक नियम आहे आणि तो बऱ्याच विश्वस्तांना माहीत नसतो. देणाऱ्याचं नाव-पत्ता संस्थेने ठेवला नसेल तर ती देणगी निनावी धरली जाते. एका वर्षातल्या अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यापुढे गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. निव्वळ धार्मिक संस्थांना यातून सूट आहे. आपल्या संस्थेला ती नाही. म्हणजे ते ‘दीड हजारवाले कोण’ हे न शोधण्याचीही किंमत आहे. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही, हेही पावती करतानाच पडद्यावर दिसलं तर नंतर देणगीदाराशी वाद होत नाही.

कायद्याचं झालं. पण देणगीदाराची नीट ठेवलेली नोंद मला त्याहून मोलाची वाटते. आपल्याकडे माणसं वडिलांच्या स्मृतिदिनी, मुलीच्या वाढदिवसाला, कुणाच्या पंच्याहत्तरीला देणगी देतात. नौपाड्यातल्या एखाद्या आजी दर वर्षी यजमानांच्या पुण्यतिथीला पाच हजार देत असतील, तर त्या तारखेच्या आठवडाभर आधी त्यांना पत्र जावं आणि त्यात गेल्या वर्षी त्यांच्या पैशांतून काय झालं ते दोन ओळींत लिहिलेलं असावं. हे आज कुणाच्या तरी डोक्यात असतं. ती व्यक्ती निवृत्त झाली की आजींना पत्र जायचं थांबतं. पुढच्या वर्षी पैसेही थांबतात, आणि संस्थेत कुणाला कारण कळत नाही. देणगीदारांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर, ज्याला सीआरएम म्हणतात, ते ही आठवण संस्थेकडे ठेवतं.

यात एक अडचण हमखास येते. एकच गायकवाड कुटुंब रोमन लिपीत तीन स्पेलिंगांनी, कधी नवऱ्याच्या तर कधी बायकोच्या नावाने यादीत येतं. नावावर विसंबू नये. पॅन किंवा मोबाइल नंबर ही खूण धरून नोंदी एकत्र कराव्यात.

शहापूरचं बाळ आणि भिवंडीची वीटभट्टी

हिशेबापेक्षा मोठा फरक सॉफ्टवेअरने पडतो तो माणसांच्या नोंदीत. ‘आम्ही ४०० मुलांपर्यंत पोहोचलो’ हे वाक्य अहवालात नेहमी असतं. ती ४०० वेगवेगळी मुलं होती, की १५० मुलंच वेगवेगळ्या कार्यक्रमांत पुन्हा पुन्हा मोजली गेली? हजेरीच्या कागदांवरून हे सांगता येत नाही. प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी एक क्रमांक दिला आणि अभ्यासिका, आरोग्य तपासणी, सहल या सगळ्या नोंदी त्याच क्रमांकावर केल्या, तरच उत्तर मिळतं.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर याचा अर्थ जास्त खोल आहे. तिथली अनेक कुटुंबं, विशेषतः कातकरी, दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पाड्यावर वजन घेतलेलं बाळ डिसेंबरमध्ये यादीतून ‘गैरहजर’ होतं. भट्टीवर काम करणारी दुसरी कार्यकर्ती त्याचं नाव नव्याने लिहिते. कागदावर दोन बाळं तयार होतात आणि दोघांचाही आलेख अर्धवट राहतो. एकाच क्रमांकाखाली नोंद असेल, तर भट्टीवरच्या कार्यकर्तीला मोबाइलवर कळतं की याचं वजन ऑक्टोबरमध्ये किती होतं आणि तेव्हापासून ते वाढलंय की घटलंय. उपचार ठरवायला हेच लागतं.

पाड्यावर नेटवर्क नसतं, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. त्यावर उत्तर आहे. कोबोटूलबॉक्स, कॉमकेअर आणि भारतात तयार झालेलं अवनी ही साधनं नेटवर्कशिवाय चालतात. माहिती मोबाइलमध्ये साठते आणि आसनगाव स्टेशनच्या बाजूला परत आलं की आपोआप वर जाते. कोबोटूलबॉक्स आणि अवनी मुक्त स्रोत आहेत, म्हणजे त्यांचा मूळ कोड कुणालाही वापरता येतो. फॉर्म मराठीत बनवता येतात आणि ते बनवायलाच हवेत. ‘मध्यम कुपोषित’ हा शब्द जिला रोज वापरायचाय तिला इंग्रजी फॉर्म देण्यात काही अर्थ नाही.

फॉर्ममध्ये तपासणीचे नियम घालता येतात. दोन वर्षांच्या बाळाचं वजन ९.२ ऐवजी ९२ लिहिलं, तर फॉर्म पुढे जात नाही. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या बाळाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आला, तर तीव्र कुपोषणाची खूण म्हणून लगेच लाल रंग दिसतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्याची आठवण येते. कागदी फॉर्मवर हेच बाळ महिनाअखेरीला, माहिती संगणकावर चढवताना लक्षात आलं असतं.

इथे एक विनंती. अंगणवाडी सेविका आधीच सरकारच्या पोषण ट्रॅकरवर नोंद करत असतात. संस्थेचं ॲप त्यांच्या हातात देऊन तेच वजन दुसऱ्यांदा भरायला लावू नका. ते काम संस्थेच्या कार्यकर्तीचं. आणि तिच्या फॉर्ममध्येही प्रश्न विचारपूर्वक ठेवा. ज्या उत्तरावरून कुणी कधी काही ठरवणार नाही, तो प्रश्न काढून टाका. साठ प्रश्नांचा फॉर्म दुपारच्या उन्हात कुणी नीट भरत नाही, अंदाजे भरतं.

सीएसआरच्या अंगानेही या नोंदींचं महत्त्व वाढलं आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५खाली येणाऱ्या कंपन्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करतात. ज्या कंपनीची ही सरासरी जबाबदारी १० कोटी किंवा त्याहून जास्त असते, तिला एक कोटी किंवा त्याहून जास्त खर्चाच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावं लागतं. मूल्यमापन करणारे सुरुवातीची स्थिती विचारतात. ती प्रकल्प संपल्यावर तयार करता येत नाही. पहिल्या महिन्यात नोंदवली असेल तरच असते.

बाकीच्या सोयी थोडक्यात सांगतो. स्वयंसेवकांची यादी, कोण शनिवारी मोकळं आणि कोण मराठी माध्यमाचं गणित शिकवू शकतं. डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे सीएसआरमधून आलेले लॅपटॉप कोणत्या अभ्यासिकेत आहेत. पगार, रजा, पीएफ. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत दाखल करायच्या चेंज रिपोर्टची आठवण, तसंच ८०जी, करमाफीची १२एबी नोंदणी आणि एफसीआरएच्या नूतनीकरणाच्या तारखा. यांतल्या तारखांसाठी फोनमधलं कॅलेंडरही पुरतं, फक्त ते एकापेक्षा जास्त लोकांना दिसायला हवं.

ज्यांची माहिती आहे, त्यांचा मान

माहिती एका जागी आली की ती एका जागेवरून बाहेरही जाऊ शकते. घरगुती हिंसाचारातून आलेली बाई, मानसिक उपचार घेणारा तरुण, एचआयव्हीबाधित मूल यांच्या नोंदी संस्थेतल्या सगळ्यांना दिसता कामा नयेत. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये भूमिकेनुसार परवानगी देता येते. हिशेबनीसाला खर्च दिसावा, समुपदेशनाची टिपणं दिसू नयेत. देणगीदारासाठी निघणाऱ्या अहवालात आकडे असावेत, नावं नसावीत. कोणी कधी कोणती नोंद उघडली, याची खूण मागे राहायला हवी.

आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचा गाभा सरळ आहे: माहिती कशासाठी घेतोय ते समजेल अशा भाषेत सांगा, संमती घ्या, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्या. हा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे, असं समजून संस्थांनी गाफील राहू नये. सर्वांत आधी आधारच्या झेरॉक्स गोळा करण्याची सवय थांबवावी. बहुतेक कार्यक्रमांना आधारची गरज नसते. जिथे असते तिथे शेवटचे चार अंक दिसणारं मास्क केलेलं आधार बऱ्याचदा पुरतं. कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांचे फोटो, नावं आणि पाड्याचं ठिकाण एकत्र टाकणं हाही माहिती बाहेर जाण्याचाच प्रकार आहे. तिथे कोणतंही सॉफ्टवेअर मदत करू शकत नाही.

कोणतं घ्यावं, आणि पैसे कुठून आणावेत

नावं घ्यायची तर पर्याय बरेच आहेत. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रापे कंपनीने बनवलेलं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. त्यात हिशेब, साठा, प्रकल्प असं बरंच काही येतं. सिव्हीसीआरएम हे संस्थांसाठीच बनवलेलं, देणगीदार आणि सभासद सांभाळणारं, तेही मुक्त स्रोत. सेल्सफोर्स पात्र संस्थांना दहा परवाने मोफत देतं. झोहोची वेगवेगळी साधनं जोडून काम चालवणाऱ्याही संस्था आहेत. ‘मोफत’ या शब्दावर मात्र नीट विचार करा. परवाना फुकट असला, तरी ते बसवून देणारा माणूस, सर्व्हरचं भाडं, माणसांना शिकवण्याचा वेळ आणि दर वर्षीची दुरुस्ती यांना पैसे लागतात. दहा-बारा पगारी माणसांच्या संस्थेला टॅली, देणगीसाठी ऑनलाइन फॉर्म आणि कोबोटूलबॉक्स एवढ्यावर बरीच वर्षं उत्तम काम करता येतं. एखाद्या उत्साही ओळखीच्या माणसाकडून स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून घेण्याच्या मी विरोधात आहे. तो माणूस नोकरीसाठी पुण्याला गेला की ते कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

पैशांबद्दल एक गैरसमज खूप पसरलेला आहे. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून संस्थांना वाटतं की सॉफ्टवेअरचा खर्च मागताच येणार नाही. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवण्यासाठी आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी थेट होणारा खर्च त्यात येत नाही. मुलांच्या नोंदी ठेवण्याची पद्धत हा प्रकल्पाचा भाग आहे, असं प्रस्तावात स्पष्ट मांडा. मोबाइल, प्रशिक्षण आणि माहिती तपासणाऱ्या व्यक्तीचा वेळ यांची रक्कम वेगळ्या ओळीत लिहा. महाप्याच्या आयटी पार्कमध्ये बसलेल्या सीएसआर अधिकाऱ्याला हे समजावणं कठीण नसतं, त्यांच्या कंपनीत हेच रोज चालतं.

सुरुवात कुठून

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. १ एप्रिल ही सोयीची तारीख आहे, आणि पावत्या ही सोयीची जागा. पहिल्या वर्षी फक्त देणग्या नव्या पद्धतीने नोंदवा. त्याआधी प्रकल्पांची आणि निधींची यादी कागदावर करा, तीही छोटी. प्रत्येक प्रकल्पाला आणि निधीला एकच नाव ठरवा आणि ते सगळ्यांनी वापरा. ‘अभ्यासिका’, ‘स्टडी सेंटर’ आणि ‘कळवा क्लास’ ही एकाच गोष्टीची तीन नावं वहीत चालतात, संगणकात ती तीन वेगळी कामं होतात. जुन्या दहा वर्षांची सगळी माहिती चढवायच्या मोहात पडू नका. मागच्या दोन वर्षांचे देणगीदार आणि आज यादीत असलेली मुलं एवढं पुरे. जुनी पुस्तकं बांधून नीट ठेवा, कायद्याला ती बरीच वर्षं लागतात.

पहिले तीन महिने वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवावं लागतं, आणि याच काळात माणसं कंटाळतात. कार्यालयातल्या ताईंना वाटतं की काम दुप्पट झालं. ते खरंच दुप्पट झालेलं असतं, ते मान्य करा. या तीन महिन्यांसाठी त्यांचं दुसरं एखादं काम कुणा स्वयंसेवकाकडे द्या. त्यांना शिकवायला येणारा माणूस मराठीत बोलणारा असावा आणि त्याने त्यांच्या खऱ्या पावत्या घेऊन शिकवावं. सरावासाठी बनवलेली खोटी उदाहरणं कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

करार करताना विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या. आमची सगळी माहिती आम्हाला हवी तेव्हा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये पूर्ण मिळेल. करार संपल्यावर तुमच्याकडची प्रत पुसली जाईल. बॅकअप रोज निघेल आणि तो परत उघडून पाहिला जाईल. मुख्य पासवर्ड कुणा एका स्वयंसेवकाच्या वैयक्तिक ईमेलवर ठेवू नका. तो संस्थेच्या ईमेलवर असावा, दोन विश्वस्तांकडे असावा, आणि कार्यकारी मंडळ बदललं की बँकेच्या सह्यांबरोबर त्याच बैठकीत तोही बदलावा आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी.